खाणीच्या वाटेवरचा हात

ऐका. सरका जरा जवळ. ते मोठं लाकूड आत ढकला, इस्तव विझायला नगं. कुत्री भुंकत्यात ती भुंकू द्यात, मेंढरं वाघरीच्या जाळीत हायत, काळजी न्हाई. तुमी गावची माणसं आज आमच्या तळावर बसायला आलाय म्हणून सांगतो. न्हाईतर ही गोष्ट मी उगीच काढत न्हाई.

मगाशी कोण म्हणलं, जाताना खाणीच्या वाटंनं जातो, जवळ पडतं? तू व्हय रं? बस खाली. आधी ऐक. मंग जायचं तर जा.

घोणसवाडीत केरबा म्हणून एक माणूस व्हता. आंधळा. जन्माचा न्हाई बरं. ऐन जवानीत हीर खणताना सुरुंग उडाला आन् दोन्ही डोळं गेलं. लग्नाची हळदसुदिक नीट उतरली नव्हती. बायकोचं नाव गजरा. तिचा बाप गाडी घेऊन आला, म्हणला, “चल पोरी माघारी.” ती उंबऱ्यात उभी राहिली. म्हणली, “गाडीला बैल जुपलंत तसं सोडा, जेवा, आन् एकलं जावा.” अशी बाई!

तिनं त्याला कसं सांभाळलं, ते ऐका. लोक आंधळ्याला कसं नेत्यात? बकरं बाजारला नेल्यागत. काठीचं टोक धरायचं आन् ओढायचं. न्हाईतर दंडाला धरून पुढं ढकलायचं. गजरा तसं करायची न्हाई. ती चालायची अर्धं पाऊल पुढं, आन् केरबाचा हात तिच्या कोपराच्या वर. त्यानं तिला धरायचं. तिनं त्याला न्हाई. आन् चालता चालता तोंडातल्या तोंडात सांगत जायची. “चढ आला.” “चिखुल हाय, उजवीकडनं.” “म्होरं बैल बांधलाय, मारका हाय.” बगणाऱ्याला वाटायचं, नवराबायको काय गुजगोष्टी करत चाललीत!

पण खमकी बरं का. रोज सकाळी त्याच्या हातात वेळूची काठी द्यायची आन् म्हणायची, “जावा हिरीवर. एकलं.”

“आगं, पडलो तर?”

“पडला तर उठा. मी काय जन्माला पुरणार हाय?”

मंग तो रडायचा, चिडायचा, शिव्या द्यायचा. ही दारात उभी. बगत. हात पुढं करायची न्हाई. गावातल्या बायका म्हणायच्या, काय कसाबाचं काळीज हाय हिचं. पण केरबा शिकला. हीर, देऊळ, चावडी, समदं काठीवर फिरायला लागला. एक लेक झाली. सुभद्रा. ती करंजओढ्याला दिली, ह्या माळाच्या पल्याड.

आन् मंग एका साली साथीचा ताप आला, त्यात गजरा गेली.

माणूस गेल्यावर घर रिकामं व्हतं ते तुमास्नी ठाव हाय. पण डोळसाला निदान भिंतीवरचं लुगडं दिसतं, चूल दिसती. केरबाला काय? आवाज बंद. बस. “चढ आला” म्हणणारं कुणी न्हाई. शेजारी पुतण्या व्हता, महादू. त्याच्या घरनं भाकरी यायची. “तात्या, ताट ठिवलंय,” म्हणायचं आन् पोरगी पळायची. वाईट माणसं नव्हती ती. कामाची माणसं. पण आंधळ्याजवळ घटकाभर बसायला कुणाला येळ? केरबा ताटाशी बोलायचा. खरं सांगतो! “आज वांगं हाय वाटतं,” असं मोठ्यांदा म्हणायचा. कुणीच ‘व्हय’ म्हणायचं न्हाई.

तर सुभद्राला पोरगा झाला. पयला. बारशाचा सांगावा आला. सांजच्याला पाळण्यात घालायचं. केरबानं सकाळीच आंघोळ केली. धुतलेलं धोतर, कोरी टोपी. बारक्यासाठी हातानं वळलेली एक मऊ दोरी, पाळण्याला बांधायला. आन् ओट्यावर येऊन बसला, काठी मांडीवर घेऊन.

आता ऐका, काय घोटाळा झाला. जावई रंगनाथानं एक गाडी पाठवली. महादूनं आपली एक जुपली. महादूला वाटलं, म्हातारा जावयाच्या गाडीत बसला. जावयाच्या गाडीवाल्याला वाटलं, पुतण्याच्या गाडीत असंल. दोन्ही गाड्या गेल्या. घुंगरं वाजली, केरबानं ऐकली. त्याला वाटलं, पयली बायकांची गाडी असंल. मंग दुसरी वाजली. ही पोराबाळांची. आता माझी येईल.

बसला. ऊन गुडघ्यावर व्हतं ते पायावर आलं. मंग पायावरनं गेलं. गार वारा सुटला. समदी आळी मोकळी. कोंबड्यासुदिक बोलंनात. तवा त्याच्या ध्यानात आलं, की आपल्याला समदी इसरली.

तुमी काय केलं असतं? आत जाऊन पडला असता, घोंगडं वढून. केरबा बी तेच करणार व्हता. पण उठता उठता तोंडातनं निघालं, “जावा. एकलं.” आन् घेतली काठी, आन् निघाला.

दिवस बुडाला व्हता. गाडीरस्ता लांबचा, वळसा घालून. खाणीची वाट जवळची, आन् गजराबरोबर त्यानं ती पुष्कळदा तुडवलेली. आंधळ्याला काय दिवस आन् काय रात, असं आपण म्हणतो. पण तसं नसतं. दिवसा माळावर गुराखी असतो, एखादी बाई शेण येचत असती, हाक मारली तर ‘ओ’ येती. रातच्याला कोण?

आन् ती खाण म्हंजे! सडकेसाठी धोंडं काढलं, सडक झाली, खाण तशीच टाकून गेलं लोक. कडेला ना बांध ना कुंपण. पाऊसपाण्यानं भरली. हिरवं, काळं पाणी. उन्हाळ्यात बी आटत न्हाई. तितं चकवा हाय, हे जुनी माणसं सांगत व्हतीच. चकवा ठाऊक हाय नव्हं? डोळसाला तो दिवा दाखवतो, घर दाखवतो, फिरव फिरव फिरवतो. पण आंधळ्याला दिवा दाखवून काय उपेग? ऐका त्यानं काय केलं.

केरबा चालला. टक, टक, काठी. गाडीच्या जुन्या चाकोरीत काठीचं टोक ठिवलं की वाट सुटत न्हाई, हे गजरानं शिकवलेलं. टक. टक. बिरोबाचा दगड लागला, हात लावून पाया पडला. पुढं गेला. आन् वारा थांबला. एकदम! जसं कुणी दार लावावं.

टक, काठी वाजली. आन् मागं, टक.

हा थांबला. ते बी थांबलं.

“कोण हाय?”

“मी हाय, मामा,” पुरुषाचा आवाज. “रंगनाथानं धाडलंय. तुमास्नी न्यायला.”

केरबाचा जीव भांड्यात पडला. आली बाबा आठवण! म्हणला, “कुणाचा रं तू?” त्याच्या मनगटाला हात पडला. गार हात. आन् ओढायला लागला. भराभरा. केरबा ठेचकाळतोय, धोतर पायात येतंय, “आरं हळू, हळू!” चाकोरी सुटली. पायाखाली गवत आलं, मंग ढेकळं, मंग खडक. तवा केरबाच्या कानाला एक गोष्ट लागली. आपल्या वहाणा वाजत्यात. ह्याचं पाऊल वाजत न्हाई.

“पोरा,” म्हणला, “तुझ्या पायात काय हाय रं?”

हसलं! अगदी कानाजवळ हसलं. आन् हात सुटला.

झालं. भर माळावर, वाट न्हाई, दिशा न्हाई. केरबा गपकन उभा राहिला. काठी फिरवली. हिकडं दगड, तिकडं दगड. चाकोरी कुठं घावंना. घाबरला, पण डोकं ठिकाणावर. म्हणला, वारा पडलाय तो सुटंल, वाऱ्यावरनं दिशा धरू.

वारा न्हाई सुटला. पाळणा ऐकू आला.

व्हय! बायका पाळणा म्हणायला लागल्या. “जो बाळा जो जो रं जो...” बांगड्या वाजत्यात. भांडी वाजत्यात. बारकं पोर टाहो फोडून रडतंय. कुणी बाई म्हणती, “आगं, आजा कुठाय बाळाचा? बलवा की त्याला!” केरबा म्हणला, आलं करंजओढं! आन् चालायला लागला त्या आवाजाकडं. चालला, चालला. आवाज डावीकडं गेला. हा डावीकडं वळला. आवाज मागं आला. हा माघारी फिरला. बोरीच्या काट्यात शिरला, टोपी गेली, हात ओरबाडलं. पोर रडतंय ते थांबंना. “आलो, आलो रं बाळा,” म्हणत हा म्हातारा काट्यातनं पळतोय. आन् आवाज पुढं पुढं.

मंग समदं एकदम गप.

बगा, माणूस भ्यायला की वरडतो. पण केरबा वरडला न्हाई. थकला व्हता. तो तितंच उभा राहिला, आन् त्याला रडू आलं. माझी आई म्हणायची, तो तिला मागनं सांगायचा की, “मला भुताच्या भ्यानं रडू आलं न्हाई. बारशात मला कुणी हुडकत नसंल, हे मला ठाव व्हतं. भुतानं बलवलं, त्याचं रडू आलं.”

आन् तवा. तवा त्याच्या उजव्या हाताला कुणीतरी आलं. अर्धं पाऊल पुढं. लुगड्याचा वास आला, चुलीच्या धुराचा, शिकेकाईचा. त्याचा हात आपसूक उठला आन् कोपराच्या वर बसला. बरोबर तितंच.

“चला,” गजरा म्हणली.

गप का झालाय रं समदी? भ्यालाय? केरबा भ्याला न्हाई, ऐका. त्याला कळलं व्हतं. आपल्या हातानं अग्नी दिला व्हता त्यानं तिला. तो काय खुळा व्हता? ही गजरा न्हाई, हे त्याला पयल्या पावलाला कळलं. तरी तो चालला.

“चढ आला,” ती म्हणली. आन् खरंच चढ आला.

“दगूड हाय, डावीकडनं.” खरंच दगूड.

“घोंगडं न्हाई का घेतलं? गार पडलंय,” म्हणली. आन् केरबा म्हणला, “इसरलो.” असं! बोलला तिच्याशी. म्हणला, “सुबीला पोरगा झाला, गजरे.” ती म्हणली, “व्हय.” म्हणला, “महादूची बायको भाकरी जाड करती.” ती हसली. अशी दोघं चालली. माळावरनं, अंधारातनं, बोलत बोलत. माझी आई ही जागा आली की थांबायची, आन् पदरानं डोळं पुसायची. मला बी हितं जरा थांबावं लागतं. पाणी द्या रं कुणीतरी.

हां. तर चालली. पायाखाली उतार लागला. खडी सरकायला लागली. आन् ती म्हणली, “ती काठी कशाला आता? टाका की. मी हाय नव्हं.”

केरबा उभा राहिला.

अवो, जिनं रडवून रडवून हातात काठी दिली, ती म्हणती टाका? ताप चढला व्हता, तोंडातनं शब्द निघत नव्हता, तवा बी गजरानं हातानं चाचपून बगितलं व्हतं, ह्याची काठी उशाला हाय का. ती म्हणंल टाका?

तरी बगा, त्याला वाईट वाटलं. त्यानं लगेच हात सोडला न्हाई. हळू म्हणला, “गजरे, मी जरा एकला चालून बगतो. सोड मला.”

“न्हाई,” ती म्हणली. आन् त्याच्या हातावर तिचा हात पडला. वरनं. दाबून. “आता न्हाई सोडणार.” आवाज तिचाच. पण पकड? लोखंडी सांडशीगत! हाडं कचाकचा बोलायला लागली. ओढतंय, ओढतंय. खडी घसरतीय. केरबानं डाव्या हातानं काठी पुढं टाकली. टक न्हाई झालं. खाली टेकलीच न्हाई! डावीकडं फिरवली, न्हाई. उजवीकडं, न्हाई. पुढं जमीनच नव्हती!

काय केलं असंल त्यानं? झटापट? डोळस माणूस झटापटीत गेला असता. केरबा बसला. धाडकन खाली बसला, जसं अडलेलं ढोर बसतं तसं. अंगाचं समदं वजन जमिनीला दिलं. काठी मांडीखाली धरली. आन् म्हणला, “मी हितनं उठत न्हाई. ने काय न्यायचं ते.”

हात सुटला. त्यानं चाचपून एक खडा घेतला, पुढं टाकला. ऐकत राहिला. ऐकत राहिला. मंग लई खाली, डुबुक.

पाय कडेवरनं लोंबत व्हतं त्याचं.

माघारी सरकावं तर मागं काय हाय, कुणाला ठाव? चकव्यानं कुठनं कसा आणलाय, दोन्हीकडं कडा असंल. म्हणून तो हलला न्हाई. आन् ते त्याच्याभवती फिरायला लागलं. गजराच्या आवाजात रडलं. “मला एकलीला ठिवता व्हय?” मंग शिव्या दिल्या. मंग सुबी झालं, ल्हानपणची सुबी, “आप्पा, मला पाण्यात काय दिसतंय बगा.” मंग पुतण्या झालं, जावई झालं. हा दातावर दात धरून बसलेला. थंडीनं अंग काकडलेलं.

आन् मंग उजाडलं.

कोंबडा आरवला. कोतवाल पाखरू बोललं. जात्याची घरघर आली, बाया ओव्या म्हणायला लागल्या. देवळातली घंटा वाजली. मेंढरं आली, ब्यां ब्यां करत, गळ्यातली घंटी वाजली. आन् एक बाई वरडली, “अगं बया! तात्या, हितं का बसलाय? उठा उठा, उजाडलं!”

केरबाच्या जीवात निम्मा जीव आला. हात टेकला उठायला. आन् थबकला.

त्यानं तोंड वर केलं. कपाळ गार. गाल गार. उजाडलंय म्हणं! तो म्हणला, “ऊन कुठाय?”

कोंबडा बंद. जातं बंद. मेंढरं बंद. समदा माळ परत मुका.

अवो, ते आवाज करू शकतं. वास करू शकतं. हात करू शकतं. पण ऊन कुठनं आणंल? तवा केरबानं ठरवलं, जगबुडी झाली तरी ऊन तोंडावर पडल्याबिगर उठायचं न्हाई. बसला तसाच. किती येळ, त्यालाच ठाव.

आता माझी आई. मायाक्का नाव तिचं. आमचा तळ त्या येळला त्याच माळाला व्हता. मी झोळीत, तिच्या पाठीला. सकाळी मेंढरं सोडली तिनं, आन् खाणीच्या अंगाला वळली. बगती तर कडेवर म्हातारा! पाय पाण्यावर लोंबतायत, तोंड उगवतीला, आन् खालची खडी निम्मी सरकून गेलेली. एक शेरडू उभं ऱ्हाईल तेवढीच जागा राहिलेली. आईचं काळीज फाटलं. पण वरडली न्हाई. वरडलं आन् दचकला तर?

हळू म्हणली, “बाबा, उठू नका. मी येती.”

तो म्हणला, “तू कोण?”

“मायाक्का. धनगराची.”

“मगाशी बी मेंढरं आली व्हती,” म्हणला. हलंना.

आईला काय कळंना. तेवढ्यात एक मेंढरू गेलं पुढं, आन् म्हाताऱ्याच्या पाठीला तोंड घासलं. ओलं नाक, गरम उसासा. आन् त्याच येळला डोंगरामागनं ऊन आलं. त्याच्या गालावर पडलं. आई सांगायची, त्यानं ते ऊन हातानं चाचपलं, जसं कुणी लेकराचं तोंड चाचपावं. आन् मंग थरथरायला लागला, लटलटा, जसा हिवताप भरावा.

आई दगडावर पोटावर पडली, मला पाठीवर घेऊन, आन् त्याच्या काखेत हात घालून माघारी वढला. उभा केला. मंग तिनं त्याचं मनगट धरलं, चला म्हणली. तर त्यानं हात झटकला!

“धरू नको, पोरी,” म्हणला. “मला धरू दे.”

तिनं कोपर पुढं केलं. त्यानं वर हात ठिवला. आन् आईला कुणी शिकवलं नव्हतं, पण ती बोलत गेली. हितं खळगा हाय, हितं काटा हाय. मेंढरं माझ्या बापाच्या हवाली केली आन् त्याला करंजओढ्यापतूर पोचवला.

तितं काय गोंधळ! बारसं झालं, जेवणं झाली, सुभद्राला वाटलं आप्पा बाहेर गड्यांत बसल्यात, माणसं झोपली, आन् सकाळी एकमेकाला इचारतायत, तात्या तुमच्या गाडीत व्हतं नव्हं? महादू म्हणं जावयाकडं, जावई म्हणं महादूकडं. केरबा दारात उभा, अंगभर काटं, टोपी न्हाई. सुभद्रानं बगितलं आन् बसकण मारली, धाय मोकलून रडली. केरबानं कुणाला बोल लावला न्हाई. म्हणला, “पोरगा कुठाय?” मांडीवर दिला. लई येळ बसला तो त्याला घेऊन. सुभद्रानं मंग त्याला माघारी पाठवलाच न्हाई. मरूस्तवर तिच्याच घरी राहिला.

आमी दर साली मेंढरं घेऊन जायचो तवा आई त्याला भेटायची. एकदा तिनं इचारलं, “बाबा, त्या रातीला लई भ्या वाटलं असंल नव्हं?”

तो म्हणला, “ती काठी टाका म्हणली, तितनं पुढं भ्या. त्याच्या आदी न्हाई. त्याच्या आदी, मायाक्का, मी लई दिवसांनी कुणाशीतरी बोलत चाललो व्हतो.”

तर असं हाय. खाण अजून हाय. पाणी अजून हाय. दिवस बुडल्यावर त्या वाटंनं जाऊ नका, गाडीरस्त्यानं जावा, लांब पडला तर पडू द्या. आन् गेलात, आन् कुणी हात दिला, तर त्याला म्हणा, सोड. जिवंत माणूस असंल तर सोडंल.

आन् घरात कुणी एकलं बसत असंल, दिसत नसंल, ऐकू येत नसंल, तर त्याला तर त्या अंगाला पाठवूच नका. त्याच्याजवळ बसा घटकाभर. कारण गड्यांनो, घरात कोण एकलं पडलंय, ते आपल्याला लई उशिरा कळतं. त्या चकव्याला आदी कळतं.